हे जनावर कुणाचे?

‘कोंडवाडा’ हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ निघून गेला आहे. साहित्याची आवड असणाऱ्या वाचकांना तो आठवतो तो प्रामुख्याने दया पवार यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या कवितासंग्रहाचे नाव म्हणून, आणि तेथे तो माणसांच्या कोंडीचा शब्द आहे. शब्दाला असा अर्थ चिकटू शकला, कारण मूळची वास्तू त्या पिढीच्या प्रत्येक वाचकाने डोळ्यांनी पाहिलेली होती. आज ती वास्तू गावोगावी पडलेली आहे किंवा तिच्या जागी दुसरेच काही उभे आहे. माझी सारी नोकरी राज्य सरकारच्या ग्रामीण प्रशासनात गेली आणि निवृत्तीनंतर मी पुन्हा कोगनोळीला येऊन राहिलो. महामार्गावर रात्री बसलेली गुरे आणि गल्लीच्या तोंडाशी जमलेली कुत्री पाहिली की या विस्मृत संस्थेचा इतिहास मनात घोळू लागतो. तोच येथे थोडा विस्ताराने मांडावा असे वाटते.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठाच्या दशकात, कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती, बाभळीच्या दांडक्यांचे एक फाटक, कोपऱ्यात पाण्याची दगडी डोण आणि वर उघडे आकाश. आमच्या भागात शिवारात तंबाखू असे, शाळू असे, हरभरा असे. तंबाखूला जनावर सहसा तोंड लावत नाही. शाळू-हरभऱ्याला मात्र ते सोडत नाही. सुटलेली म्हैस कुणाच्या शाळवात शिरली की शेतकरी तिला हाकत थेट कोंडवाड्यात नेई. मग संध्याकाळी मालक चावडीवर येई आणि अजिजीने म्हणे, “पाटील, दंडाचं उद्या बघतो, आज तेवढी म्हैस सोडा. धारेची वेळ झालीया.” आत म्हैस हंबरत असे, बाहेर मालकीण फाटकाच्या फटीतून तिला वैरणीची पेंढी सारत असे. दंड चुकविण्यासाठी कितीही हुज्जत घालणाऱ्या माणसाने जनावर उपाशी ठेवल्याचे मात्र मला आठवत नाही.

हा कोंडवाडा ज्या कायद्याने उभा राहिला तो १८७१ सालचा पहिला कायदा, गुरांच्या अतिक्रमणाचा. त्यापूर्वी १८५७ चा तिसरा कायदा याच विषयावर होता. ज्या वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटला त्याच वर्षी सरकारला शिवारातल्या मोकाट गुरांचाही बंदोबस्त करण्यास फुरसत होती, याचे मला नेहमी नवल वाटते. १८७१ च्या कायद्याची कलमे नोकरीच्या निमित्ताने वाचली तेव्हा त्यांतील नेटकेपणाने मी थक्क झालो. पीक खाणारे जनावर धरल्यास ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचते करावयाचे. राखणदाराने त्याची नोंद करावयाची, पावती द्यावयाची, चारापाणी करावयाचे आणि त्याचा खर्च दंडाखेरीज वेगळा लावावयाचा. सात दिवसांत मालक न आल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावयाचे. मग जनावराचे वर्णन लिहून जाहीर नोटीस लावावयाची आणि गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटवावयाची. त्यानंतर आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव. लिलावात दंड व खर्च वजा जाता जे उरेल ते मालकासाठी तीन महिने राखून ठेवावयाचे. आणि कळस म्हणजे, पोलीस किंवा राखणदार यांनी स्वतः वा दुसऱ्याच्या नावे त्या लिलावात जनावर विकत घ्यावयाचे नाही असेही स्पष्ट कलम! कायदा करणाऱ्याला आपल्या कारकुनांची पुरेपूर ओळख होती.

अर्थात व्यवहारात कोंडवाडा भाऊबंदकीचेही हत्यार होता. बांधावरून भांडण झाले की एकाने दुसऱ्याची बैलजोडी त्याच्याच पडीक रानातून हाकून कोंडवाड्यात घालावी आणि पेरणीच्या ऐन वेळी त्याला चावडीच्या पायऱ्या झिजवायला लावाव्यात, असे प्रकार घडत. बेकायदा धरपकडीविरुद्ध दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे दाद मागण्याची सोय कायद्यात होती. पण दहा दिवसांत पेरणीची वाफ निघून जाई.

आमच्या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे सीमा. कोगनोळीच्या उत्तरेस दूधगंगा आणि पलीकडे कागल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मुंबई राज्यात होतो. त्या दिवसापासून म्हैसूर राज्यात आलो, आणि १९७३ मध्ये त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. १९६६ मध्ये म्हैसूर सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा स्वतःचा कायदा केला, तर नदीपलीकडे १८७१ चाच चालू राहिला. उन्हाळ्यात दूधगंगेचे पात्र आटले की गुरे चरत चरत पार जात; जाताना ती राज्य ओलांडीत आणि कायदाही बदलीत. सीमाप्रश्नावर आपण पुष्कळ लिहिले आहे. या गुरांचा त्या लिखाणात उल्लेख नाही, म्हणून येथे नोंदवतो.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया एका प्रश्नावर होता: हे जनावर कुणाचे? मालक आहे, त्याला आपले जनावर परत हवे आहे, आणि त्यासाठी तो चार पैसे दंड भरील, एवढे गृहीत धरूनच कोंडवाडा चालत असे. १८७१ च्या कायद्यात ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या मोठी मौजेची आहे. तीत हत्ती येतो, उंट येतो, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, शेळी, मेंढी, करडूसुद्धा येते. हत्तीला दंड सर्वांत अधिक. कोगनोळीच्या कोंडवाड्यात हत्ती कधी कोंडला गेल्याचे ऐकिवात नाही. पण या यादीत कुत्रा नाही. कुत्र्याला मालक नव्हता, त्याला सोडवायला कोणी येणार नव्हते, म्हणून त्याला कोंडण्यात अर्थ नव्हता. त्याच्यासाठी दुसरी व्यवस्था होती.

ती कोणती, हे मला वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी कळले. माझ्या वर्गातल्या एका मुलाला गल्लीतले कुत्रे पोटरीला चावले. घरच्यांनी जखमेत तिखट भरले, वर चुना लावला आणि शेजारच्या गावच्या एका जाणत्याकडून मंतरलेले काहीतरी खायला घातले. त्या काळी लस मिळे ती कोल्हापूर किंवा बेळगावच्या सरकारी दवाखान्यात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली, पोटात रोज एक याप्रमाणे चौदा इंजेक्शने. रोज एस.टी.ने जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी हातावर पोट असणाऱ्या घराला परवडणारी नव्हती, हेही खरे. जखम भरली. दीड-दोन महिन्यांनी तो पुन्हा शाळेतून घरी गेला तो आलाच नाही. त्याच्या आईने तांब्या पुढे केला की तो थरथर कापे, असे मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत. तीन दिवसांत सारे संपले. चौथ्या दिवशी विषाचे गोळे भाकरीत घालून गल्लीगल्लीत टाकले गेले, आणि सकाळी शाळेत जाताना आम्ही वाटेवर पडलेली कुत्री मोजली. सतरा होती. त्यांतली दोन आम्ही रोज भाकरीचा तुकडा घालीत असू ती होती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गल्लीत पुन्हा तितकीच कुत्री दिसू लागली.

हे शेवटचे वाक्य माझ्या मते या विषयाचे मर्म आहे, आणि मुंबईकरांना ते आपल्यापेक्षा शंभरएक वर्षे आधी कळायला हवे होते. मुंबईत उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी शिरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होता आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे पैसे मिळत. पैशांच्या लोभाने लोक घराच्या ओसरीवरची कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाच्या एका पवित्र दिवशी कोटात ही मोहीम चालू असता जमावाने शिपायांवर हल्ला केला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान. मृताच्या अंतिम विधीत ‘सगदीद’ म्हणून कुत्र्याची दृष्टी प्रेतावर पडावी लागते. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कोटातल्या पलटणीची रसद अडली आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. इलाख्याच्या राजधानीतील पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक कुत्र्यांसाठी झाला, ही गोष्ट शाळेच्या इतिहासात आम्हांला कोणी शिकवली नाही.

त्या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेट मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ निघाली. ही संस्था कोंडवाड्याच्या अगदी उलट होती. कोंडवाडा मालक असलेल्या जनावरासाठी आणि सरकारी दंडावर चालणारा. पांजरपोळ मालक नसलेल्या, म्हाताऱ्या, लंगड्या जनावरासाठी आणि व्यापाऱ्यांनी मालावर आपखुशीने बसविलेल्या धर्मादाय लाग्यावर चालणारी. गुजरातेत तिची परंपरा जुनी होती. जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांबरोबर ती दक्षिणेकडे सरकली, आणि कोल्हापूरची पांजरपोळ तर आपल्या उंबऱ्यावरचीच. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेस आळा घालणारी संस्था स्थापन झाली आणि परळला दिनशा पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. एकूण चित्र असे की, सरकारने मारावे आणि धर्मादायाने पोसावे. या दोहोंच्या मधले काम, म्हणजे जनावर न मारता त्याची संख्या आणि रोग आटोक्यात ठेवणे, कोणाच्याच वाट्याला आले नव्हते.

ते काम करता येण्यासाठी आधी शास्त्र यावे लागले. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. हिंदुस्थानात १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. १९११ मध्ये कसौलीलाच डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली मेंढीच्या मेंदूची लस आपल्या देशात थेट २००४ अखेरपर्यंत वापरात होती. आज दंडात चार-पाच सुया पुरतात आणि जखम खोल असेल तर जखमेत वेगळे प्रतिद्रव्य टोचतात. पण सर्वांत पहिला उपचार आजही तोच आहे, जो माझ्या वर्गमित्राला मिळाला नाही: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे. रोगाचा विषाणू रक्तातून धावत नाही, नसांतून हळूहळू मेंदूकडे चढतो, म्हणून माणसाला थोडा अवधी मिळतो. एकदा लक्षणे दिसली की मग वैद्यकाच्या हाती काही उरत नाही.

माणसाला लस मिळाली, तरी कुत्र्याविषयीचे धोरण बदलायला आणखी एक शतक गेले. मुंबई महापालिकेने वर्षानुवर्षे कुत्री मारली आणि संख्या होती तेवढीच राहिली. कारण साधे आहे. गल्लीत उकिरडा आहे तोवर तेवढ्या कुत्र्यांचे पोट तेथे भरते. असलेली मारली की शेजारच्या गल्लीतली येतात, आणि उरलेल्यांची अधिक पिल्ले जगतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे मारण्याऐवजी नसबंदी सुरू झाली. डिसेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियमच केले की कुत्रे पकडावे, त्याची शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी आणि जेथून आणले तेथेच सोडावे. २०२३ मध्ये नवे नियम आले. तत्त्व तेच राहिले. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला एक छोटा छेद देतात, म्हणजे ते पुन्हा पकडले जाऊ नये. १८७१ ची दृष्टी असलेल्या माझ्यासारख्या माणसाला या नियमांतला विचार क्रांतिकारक वाटतो. कुत्र्याला मालक नसेना, त्याची गल्ली तर आहे; ते त्या गल्लीचे आहे, असे येथे कायदा म्हणतो.

नियम उत्तम, अंमलबजावणीविषयी न बोललेले बरे. पण एका घटकेचा अनुभव सांगतो. मी एका तालुक्याच्या ठिकाणी असताना कुत्रा चावल्याच्या तक्रारींचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर आला. तो आरोग्य खात्याकडे पाठविला. त्यांनी लिहिले की माणसाला चावले तर इंजेक्शन आमचे, कुत्रे पशुवैद्यकीय खात्याचे. पशुवैद्यकीय खात्याने लिहिले की आमच्याकडे शल्यगृह आहे, कुत्री पकडणारी माणसे नाहीत. ती स्थानिक संस्थेने द्यावीत. स्थानिक संस्थेने लिहिले की तरतूद नाही, सबब वरिष्ठांचे मार्गदर्शन व्हावे. अकरा महिन्यांनी गठ्ठा फिरून माझ्याकडेच आला, पाठविला तेव्हापेक्षा दुप्पट जाड होऊन. मालक नसलेल्या जनावराचे सरकारी कागदही बेवारस असतात.

हे अशक्य काम आहे असे मात्र कोणी म्हणू नये, कारण आपल्या शेजारच्या गोव्याने ते करून दाखवले. २०१४ पासून तेथे सरकार आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून गावोगाव कुत्र्यांचे लसीकरण केले, दरवर्षी, पुन्हा पुन्हा. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र त्यांनी धरले. शाळेतल्या मुलांना जखम धुण्याचे शिकवले, आणि पिसाळल्याची शंका आलेले कुत्रे कळवण्यासाठी दूरध्वनी दिला. २०१७ नंतर काही वर्षे तेथे या रोगाने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. बेळगावहून गोवा काही तासांच्या अंतरावर आहे. आमच्या भागातली माणसे तेथे समुद्र पाहायला जातात.

इकडे कुत्र्याला निदान गल्ली मिळाली, तर गुरांचे उलट झाले. ज्याला मालक होता त्याचाच मालक नाहीसा झाला. ट्रॅक्टर आला, बैल घरात बसून खाऊ लागला. संकरित गाईंचे दूध वाढले, पण त्यांच्या खोंडांना औताला कोणी जुंपेना. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलांच्याही कत्तलीस बंदी आली. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने तेच झाले. या कायद्यांमागील श्रद्धेविषयी मी येथे वाद करीत नाही. माझ्या घरीही गाय देवासारखीच होती. पण भाकड गाईला आणि थकलेल्या बैलाला वर्षभर वैरण कोठून आणावयाची, याची तजवीज त्या कायद्यांबरोबर गावापर्यंत पोहोचली नाही. शेतकरी मग रात्री दावे सोडतो. आता सरकारने प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला लावला आहे. तो क्रमांक टाकला की मालकाचे नाव निघावे, अशी योजना. दवंडीपेक्षा ही सोय शतपटीने चांगली. परंतु महामार्गावर बसलेल्या एका खिलार बैलाजवळ गेल्या श्रावणात मी मुद्दाम जाऊन पाहिले, तेव्हा त्याच्या कानात बिल्ला नव्हता. बिल्ल्याच्या जागी कान फाटलेला होता आणि जखम ताजी होती. कोंडवाड्याच्या फटीतून वैरण सारणारी ती बाई मला त्या वेळी आठवली.

मालकीचा हा प्रश्न अलीकडे आमच्या भागात एका वेगळ्याच बाजूने पेटला. नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या निर्णयानंतर जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या प्राणी केंद्रात नेण्यात आली, आणि शिरोळपासून निपाणीपर्यंत माणसे अक्षरशः रडली. पुढे तिला परत आणण्याच्या वाटाघाटीही सुरू झाल्या. मठ म्हणत होता, हत्तीण आमची आहे, पिढ्यान् पिढ्यांची. न्यायालयाने विचारले ते निराळे: तिच्या प्रकृतीच्या दृष्टीने हिताचे काय? दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. फक्त एवढे दिसते की, १८७१ च्या यादीत सर्वांत वरच्या दंडाचा असलेला तो प्राणी आता मालकाच्या शब्दावर कोठे राहील हे ठरत नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ७ नोव्हेंबर २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथली मोकाट कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत व पुन्हा तेथे सोडू नयेत. तसेच महामार्गांवरील गुरे उचलून त्यांची सोय गोशाळांत वा निवाऱ्यांत करावी. या आदेशावर वाद झाले, पुढील सुनावण्याही होत राहिल्या. कायदेपंडित त्याचे काय करायचे ते करोत. मला त्यात एक साधा प्रश्न दिसतो, तो म्हणजे जागेचा. निवारा म्हणजे भिंत, फाटक, डोण, वैरण, राखणदार आणि नोंदवही. हे सारे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात एकेकाळी होते. आज आमच्याकडे महामार्गावर गुरे दिसली की नदीच्या अलीकडचे लोक ती पुलापलीकडे हाकलतात आणि पलीकडचे रात्री पुन्हा अलीकडे. ट्रकचालक बिचारा दोन्ही राज्यांना शिव्या देतो. गेल्या पावसाळ्यात याच रस्त्यावर एक दुचाकीस्वार गुरावर आदळून गेला. तरुण होता, कामावरून घरी निघाला होता.

जुन्या कोंडवाड्याची म्हणून आम्ही वृद्ध मंडळी जी जागा दाखवतो तेथे आज दोन भिंतींचे अवशेष आणि एक मोठी बाभळ आहे. तेथे दुकानगाळे व्हावेत असे काही तरुणांचे म्हणणे आहे, आणि गाळ्यांचे भाडे येते, कोंडवाड्याचे येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नाही. मी ग्रामसभेसाठी एक अर्ज लिहिला. त्यात एवढेच मागितले आहे की त्या जागेवर वीस जनावरे रात्रभर थांबतील असे छप्पर व डोण करावी, कुत्र्यांच्या लसीकरणाचे वर्षातून एक शिबिर तेथे भरवावे, आणि कागलकडील मंडळींशी बोलून दोन्ही बाजूंची गुरे एकाच वहीत नोंदवावीत. वही मराठीत असावी की कन्नडमध्ये, यावर एका सदस्याने लगेच प्रश्न काढला. मी सुचवले की जनावराचे वर्णन दोन्ही भाषांत लिहावे, म्हणजे मालक कोठलाही असला तरी त्याला आपले जनावर ओळखता येईल. अर्जाची पोच मिळाली आहे. तारीख आणि शिक्का दोन्ही स्पष्ट आहेत.